पावट्याच्या राखणीची बंदूक

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पावटे सोलणं. थंडीचे दिवस होते, म्हणजे इथली थंडी, जुलै-ऑगस्टातली. मागच्या पायरीवर दुपारी ऊन येतं, तिथे दोघं बसलो आणि मध्ये पातेलं ठेवलं. मोड आलेला पावटा चिमटीत दाबला की साल बोटात राहते आणि दाणा सटकतो. तिचे दाणे पातेल्यात पडायचे, माझे गवतात.

"अहो, उसळ घरात करायची आहे, अंगणात नाही," ती म्हणाली.

"मग तूच सोल."

"मीच सोलते. तुम्ही बसा नुसते. उठून जाऊ नका म्हणजे झालं."

म्हणून बसलो. ती मध्ये मध्ये खोकत होती. मी म्हणालो, थंडी बाधली असेल. ती म्हणाली, असेल.

थंडी नव्हती. त्याच आठवड्यात अँब्युलन्स आली. अंगभर निळं प्लास्टिक घातलेली दोन माणसं तिला घेऊन गेली आणि मला दारातच थांबवलं. पुढे नर्सने फोन धरला की आम्ही तिला पडद्यावर बघायचो. तोंडावर नळ्यांचा मास्क. ती हात हलवायची. मग एक दिवस हलवला नाही. अंत्यविधीला दहा माणसं, तीही लांब लांब खुर्च्यांवर. पेटी एका पडद्यामागे गेली आणि संपलं. लाकूड नाही, धूर नाही, काही नाही. बाहेर पार्किंगमध्ये मुलाने माझ्या हातावर सॅनिटायझर ओतलं. तेवढेच काय ते हात धुतले.

मी चौथी शिकलेला माणूस. बसडेपोत गाड्यांना ग्रीस-तेल करण्यात जन्म गेला. मुलगा पुण्याला इंजिनियर झाला, इथे, कांगारूंच्या देशात आला, मग आम्हाला आणलं. आधी शहरात, ब्लॅकटाउनला राहत होतो. रोगाच्या पहिल्या वर्षी ऑफिसं घरात आली, तेव्हा मुलाने शहराबाहेर घर घेतलं, मागे मोठी मोकळी जागा असलेलं. ही खूश झाली. तिच्या माहेरचा पावटा इथल्या एका मराठी बाईच्या परसात वाढत होता. तो तिकडून इकडे कसा आला ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. हिने त्या बाईकडून मूठभर आणला, बांबूंचा मांडव घातला आणि पहिल्याच हंगामात वेल वर चढवले. वाळलेल्या शेंगांतले टपोरे दाणे बियाण्याला म्हणून काचेच्या बरणीत भरून ठेवले. बाकीचे आम्ही त्या दिवशी सोलत होतो.

ती गेली आणि बरणी राहिली.

मी त्या मराठी बाईला फोन केला. तिचा वेल त्या हिवाळ्यात मेला होता. वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून पावटे आणून भिजत घातले. फुगले, कुजले, घाण वास सुटला, मोड एकाला नाही. गावाहून पोस्टाने मागवले तर वाटेतच जप्त होतात. म्हणजे तिचा पावटा जगात कुठे शिल्लक असेल तो त्या बरणीत. उन्हाळा लागताना मी निम्मे पेरले. उगवले छान. दोन-दोन पानं आली आणि एका सकाळी बघतो तर कात्रीने कापावेत तसे सगळे कोंब जमिनीसपाट. आणि चार ससे तिथेच बसलेले, तोंडं हलवत. मी दगड मारला तर पळालेसुद्धा नाहीत. थोडे सरकले.

ससा म्हणजे लोकांना गोजिरवाणा प्राणी वाटतो. पुस्तकात असतो ना, गाजर खाणारा. इथे या आणि बघा. जमीन पोखरून ठेवतात, जिथे खातात तिथेच लेंड्या टाकतात, डोळे येऊन सुजलेले, पू गळणारे असतात कितीतरी. मला त्यांची किळस यायला लागली. हिच्या हातचे दाणे यांच्या पोटात गेले, हे डोक्यातून जाईना.

उरलेले सगळे दाणे पेरले. या वेळी प्रत्येक कोंबाभोवती पत्र्याचा डबा, तळ कापून. ते जगले. पण मी ठरवलं की बंदूक घ्यायची.

मुलाला सांगितलं तर त्याने लॅपटॉप बंद केला. तो लॅपटॉप बंद करतो म्हणजे प्रकरण मोठं.

"बाबा, आर यू सिरियस? गन?"

"छर्ऱ्याची रे. जत्रेत फुगे फोडतात ती."

"इथे ती पण गनच आहे. लायसन लागतं. पोलीस येतात चेक करायला. एक जाळी लावू ना."

"जाळीने ससे मरतात का?"

"मारायचेच आहेत का?"

"हो."

त्याने लॅपटॉप परत उघडला. रात्री सुनेशी हळू आवाजात बोलला असणार, कारण सकाळी तिने मला न मागता दुसरा चहा दिला.

लायसनचा कोर्स एका क्लबाच्या हॉलमध्ये होता. शिकवणाऱ्याच्या तोंडाला मास्क, माझ्या तोंडाला मास्क. इंग्रजी आधीच कळत नाही, त्यात ते कापडातून गाळून यायचं. पण नियम सरळ होते. बंदूक नेहमी भरलेलीच समजायची. मारायचं नाही त्याच्यावर नळी धरायची नाही. मागे काय आहे ते बघितल्याशिवाय घोडा दाबायचा नाही. मुलाने घरी मला ते इतक्या वेळा घोकवले की मी झोपेत म्हणायचो. पास झालो. मग महिनाभर वाट बघा, मग बंदूक कुलपात ठेवायला पोलादी कपाट भिंतीत ठोका. शेजारचा गोरा म्हातारा, त्याचं मोठं कुरण आहे आणि तिथे सशांचा सुळसुळाट आहे, त्याने लायसनसाठी लिहून दिलं की हा माणूस माझ्या जागेत ससे मारू शकतो. तोही विधुर. आमचं बोलणं माझ्या मोडक्या इंग्रजीत चालायचं, इथे मी ते मराठीत लिहितो.

"तुला ससा शिजवता येतो का मेट?" त्याने विचारलं. मेट म्हणजे दोस्त, इथे कुणालाही म्हणतात.

"मटण येतं."

"तेच ते."

तेच ते नसतं, पण मी वाद घातला नाही.

नवी बंदूक घ्यायला जीव झाला नाही, म्हणून दुकानदाराकडून वापरलेली घेतली. नळी सांध्यावर वाकवून मोडायची, छर्रा घालायचा, बंद करायची. आत जाड स्प्रिंग असते, ती हवा दाबते आणि छर्रा सुटतो. यंत्र म्हणून काही वाईट नव्हती. पण लाकडाला जिथे आपण गाल टेकवतो तिथे काळा, चिकट थर होता. कुणाचा तरी घाम, कुणाची तरी थुंकी, तंबाखू, वर्षानुवर्षांची. दस्त्याच्या खाचेत वाळलेलं काहीतरी लाल-तपकिरी, त्यात दोन बारीक केस चिकटलेले. दुसऱ्याची कवळी आपल्या तोंडात घालावी तसं झालं मला. अजून निम्मं जग एकमेकांच्या श्वासाला घाबरून होतं आणि मी परक्या माणसाच्या थुंकीवर गाल टेकवणार होतो.

घरी आणून सॅनिटायझरने खसाखसा पुसली. थर निघाला, पण वार्निशही निघालं. लाकूड पांढरं, कोरडं पडलं, कोड फुटल्यासारखं. आणि नळी मोडताना आतून कुईकुई आवाज. मला डेपोत चाळीस वर्षांत एकच गोष्ट कळली आहे, लोखंड कोरडं फिरता कामा नये. गॅरेजमध्ये तेल नव्हतं. बाथरूमच्या फळीवर खोबरेल तेलाची बाटली होती. हिची. कुणी हलवली नव्हती. एसीच्या गारव्याने तेल गोठलेलं होतं, ती बाटली मी काखेत धरून बसलो. पातळ झाल्यावर लाकडाला चोळलं, सांध्यात सोडलं, आणि नळीमागच्या भोकातून चांगलं धारेने आत ओतलं. कुईकुई थांबली. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजाऱ्याच्या कुरणात गेलो. त्याने एका खोक्यावर कागद चिकटवला होता, मधोमध काळा ठिपका.

"घाई नको. श्वास सोड, मग दाब," तो म्हणाला.

श्वास सोडला, दाबला. छर्ऱ्याच्या बंदुकीचा आवाज फट् असा बारीक असतो. माझ्या बंदुकीचा धाड् झाला. खांद्याला दणका बसला, कानात शिट्टी वाजली, कुरणाच्या टोकाचे कावळे उडाले. नळीच्या तोंडातून निळसर धूर निघाला आणि सावकाश माझ्याच तोंडावर आला.

जळलेलं खोबरेल तेल. मला तो वास लगेच कळला. हिच्या डोक्याचा वास, आणि तो जळत होता.

मी बंदूक गवतावर ठेवली. कुंपणापर्यंत गेलो, तार धरली आणि ओकलो. सकाळचा चहा, पोळी, सगळं बाहेर आलं.

म्हातारा मागून आला. त्याला वाटलं खांदा निखळला. मग त्याने नळी हुंगली.

"आत काय घातलंस?"

"तेल."

"कसलं तेल? आत तेल घालायचंच नसतं! हवा दाबली की तापते, तेल पेटतं. स्प्रिंग तुटली असती, डोळा गेला असता. कसलं तेल आहे हे?"

"केसांना लावायचं."

तो हसायलाच लागला. गुडघ्यावर हात मारून हसला. "केसांचं तेल! तुला केसच कुठे आहेत?" मग डोळे पुसत विचारलं, "कुणाचं?"

"बायकोचं."

त्याचं हसणं थांबलं. टोपी काढली, परत घातली. "चल," म्हणाला, "उघडून साफ करू."

त्याच्या शेडमध्ये बाकावर त्याने बंदूक उघडली. आतलं रबरी वाशर करपून काळं झालं होतं. नवीन मागवलं, बसवलं, आणि त्या जागी कुठलंही तेल घालणार नाही असं माझ्याकडून वदवून घेतलं, शाळेतल्या पोराकडून घेतात तसं. लाकडावरचं तेल मात्र तसंच राहिलं. ते निघत नाही. पुढे दर वेळी नेम धरताना गाल टेकवला की तो वास यायचा. मी तोंडातून श्वास घ्यायला शिकलो.

नेम बसायला फार वेळ लागला. वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे मारून बघायचे, कुठले एका जागी पडतात ते बंदूक ठरवते, आपण नाही. म्हातारा सांगायचा, लिंबाएवढ्या जागेत सगळे पडले पाहिजेत, तोवर जनावरावर धरायची नाही. लांबून मारायचं नाही. डोक्यात मारायचं, दुसरीकडे नाही. त्याच्या या सगळ्या बोलण्यात एक चव असायची, जेवणाबद्दल बोलावं तशी. मला त्याचीही किळस यायची आणि दुसऱ्या दिवशी मी परत जायचो.

इकडे वेल मांडवावर चढले. फुलं आली, शेंगा धरल्या. मी एकही शेंग खायला तोडली नाही. सगळ्या वेलावरच वाळू द्यायच्या, बियाणं करायचं, बरणी भरायची, बस. बरणी भरली की तिचा पावटा राहिला. नाही भरली की गेला.

शेंगा पिवळ्या पडायला लागल्या आणि कमी व्हायला लागल्या. रोज थोड्या. कुरतडलेली टरफलं खाली पडलेली, दाणे गायब. त्याच गवतात ससे. माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्याला म्हणालो, "आज."

तो म्हणाला, "आज तर आज."

संध्याकाळच्या उन्हात त्याच्या कुरणात कुंपणाशी बसलो. ससे बिळातून आले. एक जवळ आला, आडवा बसला, कान खाली. मी श्वास सोडला. बरोबर घोडा दाबताना त्याने मान वर केली.

सशाला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं. मुका प्राणी समजत होतो. तो ओरडला. तान्हं पोर ओरडतं तसा, पण थांबेना. मागचे पाय जमिनीवर आपटत गोल फिरत होता.

"दुसरा मार! चटकन!" म्हातारा ओरडला.

नळी मोडायला जोर लागतो. पहिल्यांदा ती मोडेना. छर्रा बोटातून गवतात पडला, पावट्याच्या दाण्यासारखा. दुसरा घातला. जवळ गेलो, अगदी पायाशी, आणि डोक्यात मारला. त्याचा एक डोळा माझ्याकडे होता. पाय बऱ्याच वेळाने थांबले.

"पहिला असाच होतो," म्हातारा म्हणाला. मला त्याला थोबाडावं वाटलं.

शेडमधल्या बाकावर त्याने ससा ठेवला. अंग थंड होऊ लागलं तशा पिसवा निघाल्या. केसांतून वर आल्या आणि माझ्या मनगटावर चढल्या. त्याने सुरी दिली. पोटावर चीर द्यायची, आतडी न फोडता बाहेर ओढायची. आत हात घातला तर गरम. वास असा की सांगता येत नाही, ओलं गवत, रक्त आणि मुताचा. मी जन्मभर मटण खाल्लं, पण खाटकाच्या कागदात बांधलेलं. मी जठर शोधून काढलं आणि फोडलं.

"ते कशाला फोडतोस? फेक," म्हातारा म्हणाला.

मी बोटांनी उकरत होतो. हिरवा, चिकट लगदा. गवत. नुसतं गवत. बोटावर घेऊन वास घेतला. गवतच.

"काय शोधतोस तू?"

"पावटे. माझ्या शेंगा खातात हे."

"कुठल्या शेंगा? मांडवावरच्या?"

"त्याच."

त्याने हात धुतले, मला घेऊन कुंपण ओलांडून आमच्या परसात आला. मांडवाखाली उभा राहून वर बघितलं. मीही वर बघितलं. शेंगा माझ्या डोक्याच्या वर होत्या. खालच्या शाबूत, वरच्या गेलेल्या. बांबूवर नखांचे ओरखडे होते.

"मेट," तो म्हणाला, "ससा शिडी घेऊन आला होता का?"

मी बांबूवरच्या ओरखड्यावर बोट ठेवलं.

"पॉसम आहे. मांजराएवढा असतो, रात्री झाडावरून येतो. तुला काय वाटलं? मी समजत होतो तू मटणासाठी मारतोयस."

"मग पॉसमला मारू."

"छे. पॉसमला हात लावायचा नाही. कायद्याने राखलेला आहे तो. तुरुंगात जाशील." मग जरा थांबून म्हणाला, "ससा अर्धा अर्धा करायचा ना?"

"तूच ने," मी म्हणालो.

घरात गेलो, हात साबणाने धुतले, परत धुतले, लिंबू चोळलं. मुलाने विचारलं, "मिळाला का?" मी म्हणालो, मिळाला. त्याने विचारलं, "आणि शेंगा?" मी सांगितलं. तो हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "जाळी ऑर्डर करतो. पण शिपिंगला दोन-तीन आठवडे लागतायत सध्या." दोन-तीन आठवड्यांत पॉसम काय उपाशी बसणार होता? त्या सशाने मात्र सबंध उन्हाळ्यात माझी एकही शेंग खाल्ली नव्हती. कोंब खाल्ले होते, तेही त्यानेच असं कोण सांगणार. मला माझ्याच हातांची घाण वाटत होती. जेवलो नाही. सुनेने ताट झाकून ठेवलं.

सकाळी उठलो तर मांडवावरच्या आणखी काही शेंगा गेल्या होत्या. उरल्या होत्या त्या अर्ध्या कच्च्या. तोडल्या तर बी धरणार नाही, ठेवल्या तर राहणार नाहीत. आमच्या गावाकडे रानडुकरं शेतात घुसतात तेव्हा लोक भोवती जुन्या साड्या बांधतात. मी हिचं कपाट उघडलं. ती गेल्यापासून उघडलं नव्हतं. सुती घेतल्या नाहीत, त्या दवाने भिजून शेंगा कुजवतील. रोजच्या वापरातल्या दोन नायलॉनच्या काढल्या, एक मोरपंखी आणि एक चॉकलेटी. शिडी लावून मोरपंखी मांडवावर टाकली, पण साडी एकट्याने पसरत नाही. इकडून ओढली की तिकडून घसरते. बऱ्याचदा घसरली.

"धर गं जरा ते टोक," मी सुनेला हाक मारली.

ती कानात ते यंत्र घालून आली, मीटिंगमध्ये होती. साडी बघून थबकली. कानातलं काढून खिशात टाकलं.

"बाबा, ही तर आईंची..."

"हो. धर."

तिने टोक धरलं. मी वरून पदराकडची बाजू सोडत गेलो, ती खाली बांबूभोवती गुंडाळत गेली.

"घट्ट बांधू?"

"घट्ट बांध," मी म्हणालो. "पण खालून वारा जाऊ दे. वाळायच्यात अजून."